वाटेवरची पुस्तके: ठाण्याहून जव्हार, भंडारदरा आणि नाणेघाट

कोलशेतची वाचक (धागा सुरू करणारी)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मोटारीने डोंगररानांत फिरायला जाणारी पुष्कळ कुटुंबे येथे आहेत आणि सुट्टीत नेमाने वाचणारी मंडळीही तितकीच आहेत. ही दोन्ही कामे आपण बहुधा वेगवेगळी ठेवतो. बॅगेतली कादंबरी कोठल्या तरी दूरच्या शहरात घडत असते आणि गाडी मात्र कसारा घाट चढत असते. ज्या मुलखात जायचे त्या मुलखाविषयी, तेथील माणसांविषयी आणि झाडापाखरांविषयी आपल्या भाषेत इतके लिहिले गेले आहे की, त्या वाटेवर तेच वाचावे असे मला आग्रहाने वाटते. तशी एक वाट सर्वांच्या मदतीने आखावी म्हणून हा धागा काढत आहे.

वाट निवडताना मी एकच कसोटी लावली आहे, ती पाण्याची. ठाणे शहराला भातसा नदीचे पाणी मिळते. मुंबईला तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे. तानसा धरण १८९२ सालचे, मोडकसागर १९५७ सालचे आणि मध्य वैतरणा २०१४ सालचे. म्हणजे शतकाहून अधिक काळ ज्या डोंगरांनी ही शहरे जगवली, ते डोंगर आपल्या दारापासून काही तासांवर आहेत, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांची त्यांच्याशी ओळख पावसाळ्यातील धबधब्यांच्या छायाचित्रांपलीकडे गेलेली नाही.

वाट अशी ठरवली आहे: ठाण्याहून भिवंडी, वाडा, विक्रमगड आणि जव्हार, तेथून मोखाडा, खोडाळा, विहीगाव करत कसाऱ्याजवळच्या जव्हार फाट्यावर यायचे, कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी आणि भंडारदरा, पुढे राजूर, कोतूळ, ओतूरमार्गे जुन्नर आणि नाणेघाट, आणि शेवटी माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याणमार्गे घरी. दिवसभर गाडी हाकत राहायचे नाही. अंतर थोडे आणि मुक्काम निवांत असावा, कारण वाचायला आणि पायी फिरायला वेळ उरला नाही तर या सगळ्याला काही अर्थ राहत नाही.

जव्हारच्या मुक्कामासाठी गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक निश्चित केले आहे. १९४५ पासून तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याची ही प्रत्यक्ष लढ्यात उतरलेल्या बाईंनी लिहिलेली हकीकत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे ठाणेकराने तरी तिला परक्या प्रदेशाची गोष्ट समजू नये. सोबत अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ घ्यावे असा विचार आहे. भंडारदऱ्याला धरणाच्या काठी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ वाचायची आहे. धरणग्रस्तांच्या विस्थापनावरील या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. आणि संपूर्ण वाटेवर दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ जवळ असेल, कारण त्यात एकेका महिन्यावर एकेक लेख आहे आणि दिवाळीत अश्विन-कार्तिक रानात समोरच उभे असतात.

नाणेघाटासाठी काय वाचावे, मुलांच्या हातात काय द्यावे आणि या वाटेत काय बदलावे, हे कृपया सुचवावे.

नौपाड्यातील सभासद

कल्पना मनापासून आवडली. नाणेघाटासाठी दोन पुस्तके सुचवतो, आणि ती दोन्ही तेथे नेल्याशिवाय जाऊ नये असे म्हणण्याइतका माझा आग्रह आहे.

पहिले म्हणजे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’. नाणेघाटातील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ केल्याची आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची ती मोजदाद आहे. या लेखातील अंकचिन्हे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात फार महत्त्वाची मानली जातात. लोक लेण्यात येतात, ओळींकडे क्षणभर पाहतात, छायाचित्र काढतात आणि बाहेरच्या वाऱ्यात उभे राहतात. ज्याच्या हातात लेखाचे वाचन आणि अर्थ आहे, त्याला मात्र त्याच भिंतीसमोर तासभर पुरत नाही. राजघराण्यातील व्यक्तींचे जे पुतळे तेथे होते ते आता उरलेले नाहीत, परंतु त्यांच्यावर कोरलेली नावे आहेत; ती एकेक करून शोधावीत. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण सर्वांनाच ठाऊक आहे. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकत असत, असे परंपरा सांगते.

दुसरे पुस्तक म्हणजे स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली ‘हाल सातवाहनाची गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथा दोन-दोन ओळींच्या आहेत. शेतकरी, गुराखी, वाटसरू, नव्याने संसाराला लागलेली मुलगी, पावसाची वाट पाहणारे गाव, हे सगळे त्यांत येते. नाणेघाटाच्या तोंडाशी बसून त्या मोठ्याने वाचाव्यात. एका माणसाने गाथा वाचावी, दुसऱ्याने अर्थ वाचावा आणि पुढची गाथा लगेच घेऊ नये.

ज्यांना ही पुस्तके विकत मिळत नाहीत त्यांनी आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करावी. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या शहरात आहे याचा अभिमान सर्वांनाच असतो, परंतु सभासदत्व फार थोड्यांकडे असते.

शेवटी एक विनंती. दिवाळी अंकांना या यादीत जागा द्या. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून सुट्टी आणि वाचन यांची जी सांगड मराठी घरांत बसली आहे ती मोडू नये. एखादा नवा अंक मुक्कामाच्या ठिकाणी यजमानांकडे ठेवून यावा. त्या गावात तो पुढे अनेकांच्या हातांत फिरतो.

कातळवाचक

पुस्तकांची यादी उत्तम झाली आहे. तिच्यात मी खडकाची भर घालू इच्छितो, कारण या वाटेवरील सर्वात जुना मजकूर रस्त्याच्या कडेलाच उघडा पडलेला आहे आणि तो वाचण्यासाठी फक्त गाडी सुरक्षित जागी थांबवण्याची गरज आहे.

ठाण्यापासून नाणेघाटापर्यंत आपण ज्या दगडावरून जातो तो बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा लाव्हा आला, असे पुन्हा पुन्हा होत गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर दुरून ज्या आडव्या रेघा दिसतात त्या या थरांच्या आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो आणि मऊ थर झिजून त्यावर माती साचते, गवत व झाडे वाढतात. म्हणून डोंगराला कडा, पट्टा, पुन्हा कडा असे पायऱ्यांचे रूप येते. किल्ल्यांच्या माच्या आणि बालेकिल्ले याच रचनेमुळे शक्य झाले.

घाटात कापलेल्या दरडीपाशी थांबण्याजोगी जागा मिळाली, तर तीन गोष्टी पाहाव्यात. एखाद्या ठिकाणी दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक प्रवाह थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग झिजून तो तयार झाला आणि नंतरच्या लाव्ह्याच्या उष्णतेने भाजला गेला. दुसरी गोष्ट म्हणजे ठिपक्यांचा दगड. लाव्ह्यातील वायूचे बुडबुडे निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, गारगोटी यांसारखी पांढरी खनिजे साचली. या दगडावर बोट फिरवले तर कोठे गुळगुळीत मणी लागतो आणि कोठे मणी गळून पडलेला रिकामा खळगा लागतो. तिसरी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत गेलेला गोल धोंडा. बाहेरचा पापुद्रा हाताने चुरतो आणि आतला गाभा मात्र हातोडीलाही दाद देत नाही. मुलांना हे दाखवा. मात्र अभयारण्याच्या हद्दीतून दगड, बी, पीस यांपैकी काहीही उचलून आणू नये.

घाटघरच्या कड्यावर जरूर जा. तेथे उभे राहिल्यावर सह्याद्रीच्या जलविभाजकाचा अर्थ शब्दांत सांगावा लागत नाही. तुमच्या पाठीमागे पडलेला पाऊस प्रवरेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो. समोर कड्याखाली पडलेला पाऊस कोकणातील नद्यांनी थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठतो. याच कड्याचा उपयोग करून घाटघरचा २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभा आहे. विजेची मागणी वाढते तेव्हा वरच्या जलाशयाचे पाणी कोकणात सोडून वीज निर्माण करतात आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात.

मोकळी वाट

सर्वांच्या अभ्यासाविषयी आदर ठेवून वेगळे मत मांडते. रानात पुस्तक नेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. आपण वर्षभर अक्षरांकडे पाहतो. घरात, कचेरीत, रेल्वेत, फोनवर अक्षरेच असतात. रानात गेल्यावर तरी डोळ्यांनी दूरचे पाहावे, कानांनी बारीक आवाज टिपावेत आणि कोणत्याही नावाशिवाय एखादे झाड नुसते पाहण्याची सवय लावून घ्यावी. पुस्तकात आधी वाचलेले शोधत गेलेला माणूस तेवढेच पाहून परत येतो. ऐन, हिरडा, जांभूळ ही नावे तोंडपाठ असणारा माणूस झाडाखाली क्षणभरही न थांबता पुढच्या झाडाचे नाव सांगू लागतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

दुसरे असे की, या वाटेवरील वाड्या-पाड्यांत बोलणारी माणसे आहेत. तुम्ही ओसरीवर पुस्तक उघडून बसलात की ती माणसे संकोचाने गप्प होतात. वारल्यांविषयी वाचायचे की वारल्यांशी बोलायचे, हे आधी ठरवा. वाचायचे असेल ते घरी परतल्यावर वाचावे. तेव्हा पाहिलेल्या गोष्टींना आधार मिळतो आणि वाचन अधिक खोल उतरते.

कोलशेतची वाचक

‘मोकळी वाट’ यांचा ओसरीवरचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. यजमान समोर असताना पुस्तक मिटलेलेच असले पाहिजे. सकाळी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतचा वेळही फक्त पायांचा आणि डोळ्यांचा असावा.

परंतु नावाशिवाय पाहण्याविषयी माझा अनुभव निराळा आहे. येऊरच्या रानात लहानपणापासून जात असताना कारवी हे माझ्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंचे हिरवे झुडूप होते. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्या बहरानंतर बी धरते आणि मरते, हे वाचल्यावर मी तिच्या खोडाची जाडी आणि पेरांची वाढ पाहू लागले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये तिचा मोठा बहर आला. आता पुढचा २०३२ मध्ये अपेक्षित आहे. बहर नसलेल्या वर्षांतही ते झुडूप मला आता थांबवते, आणि ते वाचनामुळे घडले आहे. डोळे आणि अक्षरे यांचे वैर मी मानत नाही. आपल्याकडे रानाविषयी उत्तम लिहिणारी माणसे वर्षानुवर्षे रानात राहिलेली होती. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून आयुष्य जंगलांत काढले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक त्या रानात मुक्काम करून, रोज हिंडून लिहिलेले आहे. कसे पाहावे हे मी अशाच पुस्तकांतून शिकले.

परतल्यावर वाचावे हेही खरे आहे, आणि आधी वाचलेले पुस्तक परतल्यावर पुन्हा वाचण्यात तर विशेष लाभ आहे. वाटेवर मात्र दुपारचे दोन-तीन तास कडक उन्हाचे असतात. त्या वेळी आंब्याखाली चादर पसरून वाचायला हरकत नसावी.

ऐरोलीकर

हे सर्व वाचून नवी मुंबईकरांसाठी एक जोड-वाट सुचवावीशी वाटते, कारण पाण्याची कसोटी लावायची तर आमचे पाणी मोरबे धरणाचे. खालापूर तालुक्यातील हे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. पनवेल, चौक, मोरबे परिसर, कर्जत आणि तेथून राजमाची अशी छोटी फेरी ज्यांच्याकडे मोठी सुट्टी नाही त्यांना जमण्यासारखी आहे. मोरब्याच्या वाटेवर इर्शाळगडाचे टोक सतत दिसत राहते. त्याच्या कुशीतील इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळून ठाकर कुटुंबांतील अनेक माणसे गेली. तेथे हौसेने जाऊन छायाचित्रे काढण्यासारखे काही नाही. डोंगरउतारावर वस्ती करून राहणे म्हणजे काय, हे मात्र त्या रस्त्याने जाताना मुलांना सांगावे.

राजमाचीसाठी पुस्तक एकच, गो. नी. दांडेकरांची कादंबरी ‘माचीवरला बुधा’. मुंबई सोडून माचीवर परतलेला म्हातारा बुधा, त्याची झाडे आणि पाखरे यांची ती गोष्ट आहे आणि ती तेथेच, माचीवरच्या मुक्कामात एका बैठकीत वाचून होते.

शिवाय, वाचनाची सुट्टी म्हणताच साताऱ्याची वाट आठवल्याशिवाय राहत नाही. पाचगणीजवळचे भिलार हे ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झाले. तेथे घराघरांत विषयवार पुस्तके ठेवलेली आहेत आणि कोणीही आत जाऊन वाचत बसू शकतो. वाटेत वाई लागते, जेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. ही वाट धाग्यातील वाटेत घुसवू नये, दिशा अगदी वेगळी आहे. पण पुढच्या सुट्टीसाठी ती येथे नोंदवून ठेवतो.

अकोलेकर, हल्ली कळव्यात

माझे गाव अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत आहे. आमच्या मुलखाविषयी एवढ्या आस्थेने लिहिलेले वाचून बरे वाटले, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवाळीच्या सुरुवातीला शहरात वसुबारस होते, त्याच दिवशी आमच्याकडे वाघबारस असते. गुराखी पोरे घरोघरी फिरून शिधा गोळा करतात, वाघोबाच्या ठिकाणी नैवेद्य शिजतो आणि गुराढोरांना सांभाळ अशी वाघोबाला विनवणी केली जाते. महादेव कोळी, ठाकर, वारली या सर्वांमध्ये वाघोबा आहे. जव्हारच्या बाजूलाही तो आहे आणि तुमच्या येऊर व आरेच्या पाड्यांतही आहे. तुमची सुट्टी वाघबारशीला सुरू होत असेल तर पहिला मुक्काम गावातच करा. मात्र पूजेच्या जागी विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नका.

या दिवसांत भातकापणीची घाई असते. सकाळी दवाने ओले झालेले भारे वाळत पडलेले असतात, खळी सारवून तयार असतात, खाचरांच्या बांधांवरून माणसे ओझी घेऊन चालतात. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर नागली आणि वरई काढणीला आलेली असते. खुरासणीची पिवळी शेते कोठे कोठे उरलेली दिसतात. अशा वेळी रस्त्याच्या कडेला गाडी लावताना कोणाच्या खळ्याची किंवा भारे वाहण्याची वाट अडवली जात नाही ना, हे पाहावे. जेवणाला नागलीची भाकरी, हुलग्याचे पिठले आणि भरडलेल्या मिरचीचा ठेचा मिळतो. आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, कारण घरची बाई पहाटेच शेतात गेलेली असते.

कारवीविषयी वर लिहिलेच आहे. आमच्याकडे तिच्या काठ्यांचा कूड, म्हणजे भिंतीचा सांगाडा, करून त्यावर शेणमातीचा गिलावा देतात. जुन्या घराच्या भिंतीत जेथे गिलावा पोपडा होऊन पडला आहे, तेथे आतल्या उभ्या काठ्या एकमेकींना बांधलेल्या दिसतात. सारवणाचे थर वर्षानुवर्षांचे असतात आणि त्यात भाताचे तूस मिसळलेले असते. सिमेंटची घरे वाढल्यामुळे असा कूड आता कमी ठिकाणी पाहायला मिळतो.

वाचनात भर म्हणून एक गोष्ट सांगतो. हरिश्चंद्रगड हे ग्रंथ रचला गेलेले ठिकाण आहे; चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ तेथे रचला. त्यामुळे कोकणकड्यावर घाईने जाऊन लगेच परतणाऱ्यांनी हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी आणि केदारेश्वराच्या लेण्यापाशी वेळ द्यावा. पाचनईहून चढ सोपा आहे आणि स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर. बारी गावातून वाट आहे आणि कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी तेथे गर्दीमुळे शिड्यांवर खोळंबा होतो, म्हणून मी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि भोवतालचे रान यांना पसंती देईन.

भंडारदऱ्याच्या धरणाविषयीही दोन शब्द. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेले हे विल्सन धरण प्रवरेवर आहे आणि त्याचे पाणी खालच्या तालुक्यांतील शेतीला जाते. ‘झाडाझडती’ वाचायला याहून योग्य जागा नाही, असे मी स्वतः या मुलखातला असल्यामुळे म्हणतो. ज्यांच्या उशाला धरण आहे त्यांच्या शेताला पाणी नाही, ही तक्रार आमच्याकडे तीन पिढ्यांची आहे. तुमच्या वाटेवरील शहापूर-मोखाड्यातही कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि मुंबईची धरणे त्याच तालुक्यांत आहेत.

काजव्यांसाठी मे-जूनमध्ये येणाऱ्यांना विनंती आहे की, गाडीचे दिवे आणि विजेऱ्या बंद ठेवाव्यात आणि झाडांखालच्या गवतात शिरू नये. काजव्यांच्या माद्या आणि अंडी जमिनीलगत असतात.

खारेगावची आई

मुले इयत्ता पाचवी आणि आठवीत आहेत. घाटात पुस्तक उघडले की दोघांनाही मळमळते. त्यांच्यासाठी काय करावे?

कातळवाचक

चालत्या गाडीत मुलांना वाचायला देऊ नये. मोठ्यांपैकी कोणी तरी सपाट रस्त्यावर मोठ्याने वाचावे आणि मुलांनी खिडकीबाहेर पाहत ऐकावे. आठवीतल्या मुलाच्या हातात मी पुस्तकाऐवजी नकाशा देईन. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्या विभागाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवून घेता येतात. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि समोच्च रेषांमधील (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधील) अंतर २० मीटर उंचीचे. जेथे रेषा एकमेकींना चिकटून काळा पट्टा झाला आहे तेथे कडा, जेथे त्या सुट्या झाल्या आहेत तेथे माळ. भंडारदऱ्याला पोहोचल्यावर नकाशा जमिनीवर पसरून उत्तर दिशा जुळवावी आणि समोर दिसणारे शिखर कोणते, हे त्याने शोधून काढावे. एकदा हे जमले की तो मुलगा डोंगर कायमचा वेगळ्या नजरेने पाहू लागतो. धाकट्याला वही द्यावी आणि दर मुक्कामी एक पान, एक पक्षी किंवा एक भिंत चितारायला सांगावी. ‘मोकळी वाट’ यांना जे नावाशिवायचे पाहणे अपेक्षित आहे, ते चित्र काढताना आपोआप घडते.

घाटातला चालक

थोडे गाडीविषयी. लांब सुट्टीच्या पहिल्या सकाळी भिवंडी वळणरस्त्यावर अवजड वाहनांची कोंडी ठरलेली असते, त्यामुळे पहाटे निघणेच बरे. मोखाडा-खोडाळा रस्ता अरुंद व वळणांचा आहे आणि अंधारात गुरे रस्त्यावर बसलेली असतात. ती वाट दिवसाच संपवावी. घोटीला टाकी भरून घ्यावी. रतनवाडी, साम्रद, घाटघर या पट्ट्यात फोनला नेहमीच संपर्क मिळतो असे नाही, म्हणून नकाशे आधी उतरवून ठेवावेत. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे. १८५३ साली गाडी ठाण्याला आली, पण हा घाट चढून इगतपुरीला पोहोचायला १८६५ साल उजाडावे लागले, यावरून त्या डोंगराची कल्पना येईल. वाचनाच्या यादीत हेही असू द्या.

कोलशेतची वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सूचनांनुसार केलेले बदल येथे नोंदवते.

वाटेची दिशा तीच ठेवली आहे, आणि त्यामागे वाचनाचा क्रम आहे. वेठबिगारीत जखडलेला माणूस आधी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभा राहिला. त्याच डोंगरांतील माणसाला पुढे धरणासाठी जमीन सोडावी लागली. म्हणून गोदावरीबाईंचे पुस्तक जव्हारला आधी आणि ‘झाडाझडती’ भंडारदऱ्याला नंतर, हे उलट करून चालणार नाही. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ घरीच वाचून निघेन, कारण कोसबाड या वाटेवर नाही आणि बॅग जड करण्यात अर्थ नाही. कळसूबाई यंदा सोडली असून तो दिवस रतनवाडी आणि घाटघरला दिला आहे. हरिश्चंद्रगड पाचनईहूनच करू. पहिला मुक्काम वाघबारशीचा जव्हारजवळच्या पाड्यावर ठरला आहे आणि तेथे पुस्तक बाहेर काढायचे नाही, हे घरात सर्वांना बजावले आहे.

जुन्नरला पोहोचेपर्यंत मोठ्या पुस्तकांचे वाचन संपलेले असेल. नाणेघाटाला फक्त गाथा आणि नागनिकेचा लेख, एवढेच. मिराशींची प्रत ग्रंथ संग्रहालयातून मिळाली की नाणेघाटाच्या लेखाचे वाचन आणि त्याचा अर्थ मी हाताने वहीत उतरवून घेणार आहे. ज्यांना त्या बाजूला जायचे आहे त्यांनी येथे कळवावे, म्हणजे वही कळव्यात किंवा नौपाड्यात पोहोचती करता येईल.